सरकारी वकिलाला सगळ्यात जड जाणारं वाक्य: ‘अपील करू नये’

‘जिल्हाधिकाऱ्यांची खुर्ची जप्त’, ‘कार्यकारी अभियंत्यांच्या गाडीवर जप्ती’ अशी बातमी महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्याच्या पानावर अधूनमधून झळकतेच. फोटोत कोर्टाचा बेलिफ असतो, निकालाची अंमलबजावणी मागणारी दरखास्त लावणारा शेतकरी असतो, त्याचे वकील असतात. कार्यालयातले लोक दुसरीकडे बघत असतात. खाली चार ओळींत कारण दिलेलं असतं: कालव्यासाठी जमीन घेतली, कोर्टाने वाढीव मोबदला मंजूर केला, सरकारने तो भरलाच नाही. आपण ‘बरी जिरली’ म्हणतो आणि पान उलटतो.

त्या फोटोत एक माणूस नसतो, सरकारचा वकील. खुर्ची बाहेर येईपर्यंत ती फाइल दहा-पंधरा वर्षं फिरलेली असते आणि तिच्यात निदान दोन-तीन ठिकाणी त्याचं लेखी मत लागलेलं असतं. त्याने काय लिहिलं आणि ते कोणी वाचलं, यावर पुढचं बरंच ठरतं. मी स्वतः बहुतेक वेळा सरकारच्या विरुद्ध बाजूने उभा राहतो, तेव्हा हा लेख कौतुकाचा नाही. पण समोरच्या टेबलावरचा माणूस दिवसभर नेमकं काय करतो, हे अनेक पक्षकारांनाच काय, कित्येक नव्या वकिलांनाही नीट ठाऊक नसतं.

आधी नावांचा गुंता सोडवू. ‘सरकारी वकील’ या एका नावाखाली आपण पाच-सहा प्रकारची माणसं कोंबतो. सगळ्यात वर राज्याचे महाधिवक्ता. संविधानाच्या अनुच्छेद १६५ खाली राज्यपाल त्यांना नेमतात, उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती होण्याची पात्रता त्यांच्यात असावी लागते, आणि त्यांना विधिमंडळात बोलता येतं, मत देता येत नाही. एच. एम. सीरवाई यांनी हे पद १९५७ ते १९७४ सांभाळलं. आज इतकी वर्षं कोणी टिकेल असं वाटत नाही. त्यांच्या खालोखाल उच्च न्यायालयातले सरकारी वकील, बोलीत ‘जी.पी.’, त्यांच्या हाताखाली अतिरिक्त आणि सहायक, म्हणजे ‘ए.जी.पी.’. फौजदारी बाजूला सरकारी अभियोक्ता, म्हणजे ‘पी.पी.’. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले य. वि. चंद्रचूड १९६१ मध्ये न्यायमूर्ती होण्याआधी मुंबई उच्च न्यायालयात सरकारी वकीलच होते. जिल्ह्यात जिल्हा सरकारी वकील असतात. दिवाणी आणि सत्र न्यायालयातली फौजदारी अशी दोन्ही कामं सहसा त्यांच्याकडेच असतात. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात उभे राहणारे सहायक सरकारी अभियोक्ता मात्र एमपीएससीची परीक्षा देऊन आलेले पूर्णवेळ नोकरदार. बाकीचे बहुतेक जण खासगी वकिलीतून ठरावीक मुदतीसाठी नेमलेले असतात. त्यांची नेमणूक, मानधन वगैरे १९८४ च्या महाराष्ट्र विधी अधिकारी नियमांनुसार चालतं. महापालिका, म्हाडा, सिडको, एमआयडीसी यांचे विधी अधिकारी आणि पॅनेलवरचे वकील आणखी वेगळे. केंद्र सरकारचा संसार तर स्वतंत्रच.

पदांची नावं बदलली तरी कामाची अडचण सगळ्यांची एकच. अशील कोण?

खासगी वकिलाचा अशील समोर बसतो, चहा पितो, थोडं खोटं बोलतो, पण जे घडलं ते त्याच्यासमोर घडलेलं असतं. सरकारी वकिलाचा अशील म्हणजे ‘महाराष्ट्र शासन’. अनुच्छेद ३०० सांगतो की राज्य आपल्या नावाने दावा लावू शकतं आणि त्याच्या नावावर दावा लागूही शकतो. पण शासन काही कॅबिनमध्ये येऊन बसत नाही. याचिकेत प्रतिवादी एक म्हणून महसूल विभागाचे सचिव, दोन म्हणून जिल्हाधिकारी, तीन म्हणून विशेष भूसंपादन अधिकारी, चार म्हणून पाटबंधारे महामंडळाचे कार्यकारी अभियंता असतात. चौघांचं म्हणणं एकच असेल याची खात्री नाही. महसूल म्हणतं, रक्कम महामंडळाने द्यायची. महामंडळ म्हणतं, महसूलने मोबदला ठरवणारा निवाडाच चुकीचा केला. वकील मात्र एकच, आणि त्याला कोर्टापुढे एकाच तोंडाने बोलायचं असतं. त्यातून ज्या अधिकाऱ्याने मूळ निर्णय घेतला तो दोनदा बदलून गेलेला असतो. फाइल घेऊन येणाऱ्या कारकुनाने ती आदल्या दिवशी पहिल्यांदा उघडलेली असते.

म्हणून वरिष्ठ सरकारी वकिलाचं पहिलं काम वाद घालण्याचं नसतं. फाइलीतून घडलेली गोष्ट उकरून काढण्याचं असतं. याचिका आली की विभागाकडून ‘परिच्छेदनिहाय अभिप्राय’ मागवले जातात. याचिकेतल्या प्रत्येक परिच्छेदाला विभागाचं उत्तर. नव्वद टक्के वेळा, आणि हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजणीचा नाही, त्यात लिहिलेलं असतं: ‘परिच्छेद क्रमांक चारमधील मजकूर अमान्य आहे.’ पाचमधला अमान्य, सहामधलाही अमान्य. नवखा ए.जी.पी. यालाच इंग्रजी चढवून प्रतिज्ञापत्र तयार करतो. जुना माणूस कागद बाजूला सारून विचारतो, ‘ताबा पावती कुठंय?’

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याखालची प्रकरणं आजही कोर्टांत आहेत. त्या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे कोर्टाने वाढवून दिलेल्या रकमेवर व्याज सुरू होतं ते ताबा घेतल्याच्या तारखेपासून: पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढे दरसाल १५ टक्के. शेतकरी म्हणतो ताबा अमुक साली एप्रिलमध्ये गेला, उभा ऊस होता. विभाग म्हणतो दोन वर्षांनी घेतला. निवाड्यात तिसरीच तारीख. तलाठ्याच्या फेरफारात चौथी. खरी ताबा पावती, तिच्यावर सही-अंगठे, पंचांची नावं, असा पिवळा पडलेला अर्धा कागद सापडला तर अख्खा वाद मिटतो. सापडला नाही, तर ‘अमान्य’ लिहून काही साधत नाही. आणि तो कागद शेतकऱ्याच्या बाजूचा निघाला, तर सरकारी वकिलाने तो दडवायचा नसतो. वकील म्हणून तो आधी कोर्टाचा अधिकारी आहे. शासनालाही नागरिकाविरुद्ध खोट्या तारखेवर जिंकण्यात काही रस असता कामा नये.

असता कामा नये, असं मी म्हणतोय. प्रत्यक्षात काय होतं ते आकड्यांत बघा.

समजा जमीन गेली आणि दिवाणी न्यायालयाने मूळ निवाड्यापेक्षा १० लाख रुपये जास्त दिले. जुन्या कायद्यात त्यावर ३० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची भर, ३ लाख. झाले १३ लाख. (दरसाल १२ टक्क्यांचा आणखी एक घटक असतो, तो हिशेब सोपा राहावा म्हणून सोडून देऊ.) पहिल्या वर्षाचं व्याज १ लाख १७ हजार. त्यानंतर दर वर्षी १ लाख ९५ हजार. ताब्याला पंधरा वर्षं झाली असतील तर नुसतं व्याज २८ लाख ४७ हजार, आणि देणं एकूण ४१ लाखांच्या वर. निकालानंतर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायला जितके दिवस लागतील, त्या प्रत्येक दिवसाचे ५३४ रुपये वाढत राहतात. हे एका शेतकऱ्याचं झालं. एका तलावासाठी घेतलेल्या जमिनीत अशी दोनशे खाती असू शकतात. २०१३ च्या नव्या कायद्यात दिलासा रक्कम शंभर टक्के झाली. वाढीव रकमेवरच्या व्याजाचे दर ९ आणि १५ तसेच राहिले. म्हणजे उशीर आता आणखी महाग.

आता निकाल जिल्हा सरकारी वकिलाच्या हातात येतो. त्याने मत द्यायचं असतं: अपील करावं की नाही. इथून पुढचा भाग मला या सगळ्या कामाचा गाभा वाटतो.

कोर्टाने शेजारच्या गटाची खरेदीखतं पाहिली आहेत. त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या शेतकऱ्याला उच्च न्यायालयाने हाच दर दिला आहे आणि सरकारने तो भरलाही आहे. अपिलात काही निघणार नाही, हे वकिलाला पहिल्याच वाचनात कळतं. त्याने ‘अपील करण्यास योग्य प्रकरण नाही’ असं लिहावं, एवढंच बाकी आहे. पण ते लिहिलं की फाइल भूसंपादन अधिकाऱ्याकडे जाते, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून विधि व न्याय विभागाकडे, आणि जमीन ज्या महामंडळासाठी घेतली त्यांचं मत वेगळं मागवलं जातं. या रांगेतल्या प्रत्येकासमोर एकच प्रश्न असतो, आणि तो कायद्याचा नसतो. ‘मी अपील नको म्हटलं आणि चार वर्षांनी लेखापरीक्षणात कोणी विचारलं, की शासनाचे चाळीस लाख तुम्ही का सोडले?’ अपील करा म्हणणाऱ्याला हा प्रश्न कधीच कोणी विचारत नाही. तो हरला तरी कोर्टाने हरवलं. व्याज वाढलं तरी ते कोर्टाच्या तारखांमुळे वाढलं. त्यामुळे ‘अपील करावे’ या शेऱ्याखाली सही सहज पडते. ‘करू नये’ म्हटलं की पेन अडखळतं.

अडखळलेलं पेन म्हणजे उशीर. त्या जुन्या कायद्याखालच्या प्रकरणांत उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस. सरकारला दावा लावायला मुदतीच्या कायद्यात तीस वर्षं दिलेली आहेत, पण अपिलाची घड्याळं सगळ्यांना सारखीच. मग नव्वदचे तीनशे होतात, पाचशे होतात, आणि अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज लागतो. त्यातला मजकूर वाचला की फाइलीचा सगळा प्रवास कळतो: अमुक तारखेला प्रस्ताव प्राप्त झाला, अमुक तारखेला त्रुटीसाठी परत पाठवला, मधल्या काळात निवडणुकीचं काम होतं.

कोर्टांनी याकडे बराच काळ मायेने पाहिलं. १९८७ साली जम्मू-काश्मीरमधल्या अनंतनागच्या एका भूसंपादन प्रकरणात सरकारला अपिलाला चार दिवस उशीर झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो माफ तर केलाच, वर सांगितलं की अशा अर्जांकडे उदारपणे पाहा, सरकारला सावत्रपणाची वागणूक देऊ नका. चार दिवसांसाठीचं ते वाक्य पुढे चारशे दिवसांसाठी वापरलं जाऊ लागलं. २०१२ मध्ये टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा उशीर माफ करायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. मुदतीचा कायदा सरकारलाही बांधतो आणि हातात संगणक असताना लाल फितीची सबब चालणार नाही, असा त्याचा सूर होता. २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा आलं, तेव्हा पंचवीस हजारांचा खर्च लावला गेला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितला. त्या आदेशात कोर्टाने नेमकं दुखणं पकडलं: अशी प्रकरणं जिंकण्यासाठी आणलेलीच नसतात. सर्वोच्च न्यायालयाकडून ‘फेटाळलं’ असा दाखला मिळावा, फाइल बंद व्हावी आणि आमच्या हातात काही उरलं नव्हतं असं म्हणता यावं, यासाठी ती आणली जातात.

दाखला मिळतो, पण त्या दाखल्याची किंमत रोज ५३४ रुपयांनी वाढत आलेली असते. हुकूमनाम्यानंतर तीन महिने पैसे भरले नाहीत, की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ प्रमाणे सरकारविरुद्धही दरखास्त चालू शकते. पुढे बेलिफ.

म्हणून माझ्या लेखी वरिष्ठ सरकारी वकील तो, ज्याच्या ‘करू नये’ला वजन आहे आणि जो ते वेळेत लिहितो. नुसतं एक वाक्य लिहून तो थांबत नाही. त्याच मतात तो आजवरचं देणं किती, अपील करून हरलो तर तीन वर्षांनी किती, शेजारच्या गटांचे अंतिम झालेले निकाल कोणते, हे सगळं मांडतो. म्हणजे खालच्या सही करणाऱ्याला उद्या लेखापरीक्षकापुढे ठेवायला कागद मिळतो. चांगल्या कायदेशीर मताचा निम्मा उपयोग दुसऱ्याची भीती घालवण्यासाठीच असतो, हे कायद्याच्या कॉलेजात कोणी सांगत नाही.

ही भीती माणसावर न सोडता नियमाने घालवण्याचा एक मार्ग आयकर खात्याने काढला आहे. वादातला कर ठरावीक रकमेच्या खाली असेल तर खातं अपिलातच जात नाही. सप्टेंबर २०२४ पासून ही मर्यादा अपील न्यायाधिकरणासाठी ६० लाख, उच्च न्यायालयासाठी २ कोटी आणि सर्वोच्च न्यायालयासाठी ५ कोटी रुपये आहे. अपवाद आहेत, पण मर्यादेच्या खालच्या नेहमीच्या प्रकरणात ‘पैसे का सोडले’ असं कोणाला विचारायची सोयच उरत नाही. भूसंपादनाच्या लहान रकमांना असंच काही का लावू नये, हा प्रश्न मी अनेक सरकारी वकिलांशी चहावर बोललो आहे. सगळ्यांना पटतं. पुढे काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल.

आता कोर्टात उभं राहण्याकडे येऊ. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, कुठेही जा, रिट याचिकांच्या कोर्टात सकाळी बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, बरीच प्रकरणं असतात आणि त्यातल्या बहुसंख्यांत सरकार असतं. खासगी वकील आपल्या एका मॅटरसाठी येतो. ए.जी.पी. एकामागून एक वीस मॅटर्स उभ्याने करतो. यात सगळ्यात नाजूक क्षण येतो तो न्यायमूर्ती मान वर करून विचारतात तेव्हा: ‘उद्या यांचं बांधकाम पाडणार आहात का? पुढच्या तारखेपर्यंत थांबणार असाल तर तसं स्टेटमेंट करा, आम्ही आदेश काढत नाही.’

दहा सेकंद असतात. मागे उभा असलेला अधिकारी कानाशी येऊन ‘साहेबांना विचारावं लागेल’ म्हणतो. साहेब बैठकीत आहेत. वकिलाने ‘थांबतो’ असं म्हटलं, तर ते वाक्य रेकॉर्डवर जातं आणि शासनाला बांधतं. उद्या पोकलेन चालला तर न्यायालयाचा अवमान. ‘सूचना घेऊन सांगतो’ म्हटलं तर कोर्ट कदाचित सरळ स्थगिती देईल, आणि ती मग महिनोन्‌महिने राहील. इथे वरिष्ठाचा अनुभव उपयोगी पडतो. कोणत्या विभागाचा कोणता अधिकारी शब्द पाळतो, कुठे थांबल्याने नुकसान नाही आणि कुठे खरोखर पावसाळ्याआधी नाला मोकळा व्हायलाच हवा, हे त्याला माहीत असतं. कोर्टालाही त्याचा शब्द माहीत असतो. वर्षानुवर्षं ज्याची स्टेटमेंट्स खरी निघाली, त्याला न्यायमूर्ती अर्धा दिवस देतात. दुसऱ्याला देत नाहीत.

शब्द पाळला गेला नाही की अधिकाऱ्यालाच हजर राहायला सांगितलं जातं. सचिव दर्जाची माणसं दिवसभर बाकावर बसलेली मी पाहिली आहेत. ३ जानेवारी २०२४ रोजी उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यासाठी कार्यपद्धती घालून दिली: अधिकाऱ्यांना ऊठसूट बोलावू नये, बोलावलंच तर आधी व्हिडिओ कॉन्फरन्सचा विचार करावा, त्यांच्या कपड्यांवर शेरे मारू नयेत. चांगली गोष्ट आहे. पण त्यामुळे सरकारी वकिलावरचा भार वाढला, कारण आता विभागाच्या वतीने उत्तर द्यायला बऱ्याचदा तो एकटाच उभा.

फौजदारी बाजू वेगळी आहे आणि तिच्याबद्दल टीव्हीने गैरसमजच जास्त पसरवले आहेत. सरकारी अभियोक्ता हा पोलिसांचा वकील नव्हे. फिर्यादीचाही नव्हे, फिर्यादीला किंवा पीडिताला आपला वकील मदतीला देता येतो, पण खटल्याचा लगाम अभियोक्त्याकडे. १९९४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका टाडा (दहशतवादविरोधी कायदा) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की आरोपीची कोठडी वाढवण्यासाठी अभियोक्त्याचा अहवाल लागतो तो त्याने स्वतः डोकं चालवून लिहिलेला हवा. तपास अधिकाऱ्याचा अर्ज पुढे ढकलणारा पोस्टमन म्हणून तो तिथे नाही. दुसऱ्याच वर्षी, पुन्हा महाराष्ट्राच्याच प्रकरणात, दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टातले अभियोक्ते पोलीस खात्याच्या ताब्यातून काढून त्यांचा स्वतंत्र विभाग करा, असा आदेश आला. आजचं अभियोग संचालनालय त्या वाटेवरचं. साक्षीपुराव्यात आरोपीच्या बाजूचं काही असेल तर तेही अभियोक्त्याने कोर्टापुढे ठेवायचं. काहीही करून शिक्षा लावायचीच, ही त्याची भूमिका असू शकत नाही, असं १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे.

त्याच्या हातातला सगळ्यात मोठा अधिकार म्हणजे खटला मागे घेण्याचा. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६०. अर्ज अभियोक्त्याने करायचा, संमती कोर्टाने द्यायची; सरकार फक्त इच्छा व्यक्त करू शकतं. आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याच्या घोषणा सभांमध्ये होतात तेव्हा हे मधलं पाऊल कोणी सांगत नाही. २०१५ साली केरळ विधानसभेत आमदारांनी तोडफोड केली, त्याचा खटला मागे घेण्याचा प्रयत्न जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फसला. ऑगस्ट २०२१ मध्ये तर असाही आदेश झाला, की आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेऊ नयेत. त्याचा अर्थ उघड आहे. अभियोक्ते सरकारला ‘नाही’ म्हणतील यावर कोर्टाचा पुरेसा विश्वास राहिलेला नव्हता.

आणि ते ‘नाही’ म्हणतील कसे? मुदत संपल्यावर पुन्हा नेमणूक सरकारनेच द्यायची असते. सरकार बदललं की सरकारी वकिलांच्या याद्या बदलतात, हे सगळ्या पक्षांच्या राज्यात चालत आलं आहे. १९९० साली उत्तर प्रदेशने कमाल केली. एका परिपत्रकाने सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एकदम काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. हे पद म्हणजे खासगी मालकाने वकील बदलण्यासारखं नाही, त्यात सार्वजनिक काम आहे, इथे मनमानी चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय. २०१६ मध्ये पंजाब-हरियाणाच्या प्रकरणात न्यायालय पुढे गेलं: किती वकिलांची गरज आहे ते आधी ठरवा, मग पात्रता पाहून पारदर्शक निवड करा. निकाल आहेत. तरीही नेमणुकांच्या दिवसांत बार रूममध्ये चर्चा कशाची होते, ते वकिली करणाऱ्या कोणालाही विचारा.

कायद्याची पदवी घेऊन या वाटेला यावं का, असं मुलं विचारतात. यावं. पैसा मोठ्या खासगी वकिलीच्या मानाने कमी आणि बिलं उशिरा निघतात, हे धरून चाला. पण तिशीच्या आत एका वर्षात इतकं उभं राहायला दुसरीकडे मिळत नाही. सत्र न्यायालयात अभियोक्ता व्हायला सात वर्षांची वकिली लागते, विशेष अभियोक्त्याला दहा. तोवर ज्या वरिष्ठाकडे बसाल त्याचं भाषण ऐकण्यापेक्षा त्याने लिहिलेली मतं वाचायला मागा.

आणि ज्यांचं स्वतःचं प्रकरण सरकारशी आहे, त्यांच्यासाठी. दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि बहुतेक जण ती उपचार म्हणून देतात. तसं करू नका. त्या दोन महिन्यांत कोणीतरी शहाणा विधी अधिकारी ती वाचू शकतो, म्हणून तिच्यात रागापेक्षा तारखा जास्त असू द्या, कागदांच्या प्रती जोडा, आणि त्याच अधिसूचनेतला अंतिम झालेला निकाल असेल तर त्याचा क्रमांक ठळक लिहा. निकाल लागल्यावर तडजोडीची तयारी असेल तर लोकअदालत चांगली, कारण तिथल्या निवाड्यावर अपील होत नाही आणि फाइलीचा पुढचा प्रवासच थांबतो. मात्र सरकारी वकील ‘आमची हरकत नाही’ असं तोंडी म्हणाला म्हणून सही करू नका. त्याला तो अधिकार विभागाने लेखी दिलेला असावा लागतो. ते पत्र बघायला मागा, आणि रक्कम कोणत्या तारखेपर्यंत भरणार आणि नाही भरली तर व्याज किती, ही ओळ तडजोडीत आली आहे की नाही ते सही करण्याआधी वाचा.